ए-लेव्हलला तीनच विषय: पंधराव्या वर्षी एवढं सोडून द्यायचं?

वैदेही_लीड्स

नमस्कार मंडळी. आम्ही पाच वर्षं लीड्सला आहोत, त्याआधी कोथरूडला होतो. लेक सध्या इयर ११ मध्ये आहे, म्हणजे आपल्याकडच्या दहावीचं वय. मे-जूनमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली दहावीची परीक्षा आहे, नऊ विषय. अभ्यासाची काळजी नाही, तो ती करते. प्रश्न त्यापुढचा आहे.

सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे अकरावी-बारावीचे, अर्ज सुरू झालेत आणि त्यात ए-लेव्हलचे, म्हणजे त्या दोन वर्षांनंतरच्या परीक्षेचे, विषय लिहायचेत. तीन. तिला गणित, इतिहास आणि चित्रकला हवी आहे. नवरा म्हणतो, चित्रकला घरी कर, त्या जागी फिजिक्स घे. तीन आठवडे झाले, जेवायला बसलं की हाच विषय निघतो.

मला त्या दोघांपेक्षा वेगळंच सलतंय. मी बारावीपर्यंत मराठी, इंग्रजी, गणित आणि तिन्ही शास्त्रं शिकले. पुढे कॉमर्सच्या बाजूला वळले, पण तेव्हा वाचलेलं अजून अंगात आहे. इथे सोळाव्या वर्षी पोर ठरवणार की मी यापुढे रसायन वाचणार नाही, भाषा वाचणार नाही. कोणतं दार कायमचं बंद होतं आणि कोणतं नुसतं लोटलेलं राहतं, हे कोणी अनुभवाने सांगेल का? इतर देशांतल्या मंडळींनीही लिहा.

सह्यकडा

आधी एक तपासा. गणिताची जीसीएसई ती हायर टियरला, म्हणजे वरच्या पातळीच्या पेपरला, देतेय ना? ग्रेड ९ ते १ असतात, ९ सर्वात वर; फाउंडेशन टियरला कितीही चांगला पेपर लिहिला तरी ५ च्या वर ग्रेड मिळत नाही, आणि ए-लेव्हल गणिताला बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ मागतात. आमच्या ओळखीच्या एका घरात हे आईवडिलांना फेब्रुवारीत कळलं.

वैदेही_लीड्स

हो, हायरच आहे. धन्यवाद, हे खरंच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ओवी

९ ते १ या ग्रेडवरून आठवलं. २०१७ पासून इंग्लंडमध्ये हे आकडे आले, त्याआधी ए-स्टार ते जी होतं. माझ्या मुलाला इतिहासात ७ मिळाले म्हणून मी साताऱ्याला फोन केला. बाबा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "असू दे गं, भाषेची अडचण असेल, पुढच्या वेळी करेल." त्यांना वाटलं दहापैकी सात! ७ म्हणजे जुना ए, ९ म्हणजे ए-स्टारचाही वरचा भाग, ४ ला पास धरतात, हे त्यांना समजावलं. मग त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

जुना_मास्तर

मी निवृत्त शिक्षक, मुक्काम नाशिक. थोडं मागे जाऊन सांगतो, कारण वैदेहीताईंचा प्रश्न जुना आहे.

इंग्लंडात ए-लेव्हल १९५१ मध्ये आली. तेव्हा ती फार थोड्या मुलांसाठी होती. पंधराव्या वर्षी बहुतेक मुलं शाळा सोडून कामाला लागत आणि जी राहत ती विद्यापीठात जाणारी असत. विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची. तीन वर्षांत पोराला पदार्थविज्ञानात पारंगत करायचं तर त्याची पायाभरणी शाळेतच झालेली हवी. म्हणून विषय थोडे आणि खोल. म्हणजे शाळेचं हे अरुंद तोंड पदवीच्या लांबीला जोडलेलं आहे. एकाला हात लावला की दुसरं हलतं. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या पंतप्रधानांनी ए-लेव्हलच्या जागी जास्त विषयांची नवी पद्धत जाहीर केली, ज्यात गणित आणि इंग्रजी अठराव्या वर्षापर्यंत सर्वांना असणार होतं. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि ती योजना रद्द झाली.

आणखी एक. शाळा शिकवणार आणि परीक्षा बाहेरचं मंडळ घेणार, ही रीत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं काम कॉलेजांचं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार. १८५९ ची पहिली मॅट्रिक झाली तेव्हा पास होणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. आपला बोर्डाच्या परीक्षेवरचा विश्वास तिथून आलेला आहे.

एडिंबरोची_मावशी

वैदेही, तुझ्याकडून गाडीने चार तासांवर दुसरंच जग आहे. स्कॉटलंडात जीसीएसई नाही, ए-लेव्हल नाही. नॅशनल ५, मग हायर, मग ज्याला हवं त्याने ॲडव्हान्स्ड हायर. हायरला मुलं साधारण पाच विषय घेतात. माझ्या भाचीने गणित, इंग्रजी, केमिस्ट्री, फ्रेंच आणि संगीत घेतलं होतं, आणि यात कोणाला नवल वाटलं नाही. याची किंमत म्हणजे ऑनर्स पदवी चार वर्षांची. मास्तरांनी सांगितलं तेच, इकडे सैल तर तिकडे लांब.

फीचंही सांगते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलांची तिथल्या विद्यापीठातली पहिल्या पदवीची फी सरकार भरतं. इंग्लंडहून आलेल्या मुलाला मात्र भरावी लागते. तेव्हा शेवटच्या वर्षी इकडे घर हलवू असा विचार मनात आणू नका.

टिकोजीराव

वैदेहीताईंशी असहमत. आपण बारावीला सहा विषय केले हे खरं, पण काय केलं? मी पाठ केलं. "व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, कारणे द्या." परीक्षा झाली आणि पंधरा दिवसांत पाटी कोरी.

माझी मुलगी बर्मिंगहॅमला ए-लेव्हलचा इतिहास करत होती. त्यात वीस टक्के गुण तिच्या स्वतःच्या लेखनाला होते. एक प्रश्न घ्यायचा, इतिहासकारांनी त्यावर काय काय म्हटलंय ते वाचायचं आणि कोणाचं का पटतं ते लिहायचं. सतरा वर्षांची पोर रात्री अकराला मला विचारते, "बाबा, या माणसाने हे लिहिलं तेव्हा तो कोणाच्या नोकरीत होता?" हा प्रश्न मला एम.ए. होईपर्यंत सुचला नव्हता. तीन विषय कमी वाटतात, पण आठवड्याचे चार-पाच तास एका विषयाला मिळतात आणि त्यात मुलगी वाढते.

निळावंती

टिकोजीराव, तुमच्या मुलीला आवडीचे तीन सापडले होते. ज्याला सापडलेले नसतात त्याचं काय? माझा मुलगा सोळाव्या वर्षी बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि सायकॉलॉजी घेऊन बसला, कारण मित्रांनी घेतलं. इयर १२ च्या, म्हणजे अकरावीच्या, डिसेंबरात त्याला कळलं की इंजिनिअरिंग करायचंय. गणित नाही, फिजिक्स नाही. त्याने एक वर्ष मागे जाऊन नव्याने सुरुवात केली. बुडालं काहीच नाही, आज तो ब्रिस्टलला आनंदात आहे. पण ते वर्ष त्याने मान खाली घालून काढलं आणि आम्हीही.

वैदेही, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गणित घेतलं की बरीच दारं उघडी राहतात. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी गणिताबरोबर फिजिक्स लागतं. मेडिकलला केमिस्ट्री आणि बहुधा बायॉलॉजी लागतं. चांगल्या विद्यापीठांतल्या इकॉनॉमिक्सला गणित लागतं. कायद्याला कोणताही ठरावीक विषय लागत नाही. म्हणजे तुझ्या लेकीच्या यादीने मेडिकल आणि इंजिनिअरिंग ही दोनच मोठी दारं बंद होतात. तिला त्यातलं एखादं हवं आहे का, एवढंच विचार.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इकडे हा प्रश्न असा उभाच राहत नाही. हायस्कूलच्या चार वर्षांत इंग्रजी, गणित, शास्त्र, सोशल स्टडीज साधारणपणे चालूच असतात. कॉलेजला जाताना मेजर, म्हणजे मुख्य विषय, न ठरवता गेलं तरी चालतं. साधारण १२० क्रेडिट्सची पदवी, त्यातला मोठा हिस्सा मेजरबाहेरच्या विषयांचा. माझी मोठी मुलगी कॉम्प्युटर सायन्सला गेली आणि भूगर्भशास्त्र घेऊन बाहेर पडली.

पण ताण नाही असं समजू नका. इथे एका परीक्षेच्या जागी चार वर्षांचा जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, असतो, म्हणजे नववीतली एक वाईट सहामाही बारावीपर्यंत पाठीशी. शिवाय मे महिन्यात एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा, १ ते ५ गुणांच्या. कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा १६०० पैकी. २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनी ती ऐच्छिक केली, एमआयटीने २०२२ ला परत आणली, कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाने कायमची काढून टाकली. पालकांना दर वर्षी नवीन नियम शिकावे लागतात. आणि खर्चाचं बोलायला लागलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

चाफेकळी

जर्सीकरांच्या मुद्द्यावर एक उदाहरण. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ला कोलंबियात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्याबरोबर त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे सगळे अभ्यासक्रम घेतले. जातीवरचा त्यांचा तो प्रसिद्ध निबंध १९१६ ला तिथल्याच मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला. मग ते लंडनला गेले आणि एकाच प्रश्नावर, रुपयाच्या प्रश्नावर, खोल उतरून १९२३ ला डी.एस्सी. मिळवली. दोन्ही देशांची पद्धत एका माणसात बघायची असेल तर ही.

टिकोजीराव

चाफेकळी, हे फार सुंदर सांगितलंत. माझं मत थोडं हललं.

पॅरामॅटाकर

सिडनीहून. आमच्याकडे बारावीच्या परीक्षेचं नावच एचएससी आहे! आईला पुण्यात सांगितलं की नात एचएससीला बसलीय, तर तिने विचारलं, "सेंटर कुठलं आलंय?"

न्यू साउथ वेल्समध्ये अर्धे गुण शाळेतल्या वर्षभराच्या कामाचे आणि अर्धे शेवटच्या परीक्षेचे. इंग्रजी सक्तीचं, बाकी निवड आपली. त्यावरून एटार निघतो. एटार म्हणजे गुण नव्हेत. तुमच्या वयाच्या सगळ्या मुलांत तुम्ही कितव्या जागी आहात ते तो सांगतो. सर्वात वरचा ९९.९५. माझ्या पुतण्याला ८६ आला. तिकडे घरी सगळे म्हणाले ८६ टक्के, छान. त्याचा खरा अर्थ, शंभरातल्या पंच्याऐंशीहून जास्त मुलांच्या तो पुढे आहे.

माधवी_डब्लिन

माझं ऐका, आयर्लंड या सगळ्यांत मला उजवं वाटतं. लीव्हिंग सर्टला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, मुलं साधारण सात विषय घेतात आणि त्यातल्या उत्तम सहांचे पॉइंट धरतात. प्रत्येकी कमाल १००, शिवाय वरच्या पातळीचं गणित पास झालं की २५ जास्तीचे, म्हणून एकूण कमाल ६२५. माझ्या मुलाकडे गणित, इंग्रजी, फ्रेंच, फिजिक्स, केमिस्ट्री, भूगोल आणि संगीत होतं. आयरिश भाषेतून त्याला सूट मिळाली, कारण आम्ही उशिरा आलो.

प्रवेश जवळपास सगळा पॉइंटवर. निबंध नाही, शिफारसपत्र नाही, मुलाखत नाही. निकालानंतर पहिली ऑफर येते आणि संपलं. कोणाचे बाबा काय करतात हे तिथे कोणी विचारत नाही. आम्हाला, बाहेरून आलेल्यांना, ओळखीपाळखी नसतात, तर हे फार मोलाचं आहे.

निळावंती

माधवी, इंग्लंडमध्ये मला हेच खुपतं. विद्यापीठाचा अर्ज परीक्षेच्या आधी, शिक्षकांच्या अंदाजावर. पाच पर्याय, त्यात ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच, आणि त्याची तारीख १५ ऑक्टोबर. अंदाज चुकला तर मुलाला माहीतच नसतं की आपण कुठे अर्ज करायला हवा होता. माझ्या मुलाच्या शाळेने अंदाजात 'बी' ग्रेड दिला, निकालात 'ए' आला. अर्ज मात्र बीच्या हिशेबाने केलेले.

सह्यकडा

आणि २०२० विसरू नका. परीक्षा रद्द झाल्या आणि ग्रेड सूत्राने काढले. इंग्लंडात जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आले. ज्या शाळेचा आधीच्या वर्षांचा निकाल वाईट, तिथल्या हुशार मुलाला त्याचा फटका. १३ ऑगस्टला निकाल, १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांचे ग्रेड मान्य केले. माझा धाकटा भाऊ त्या बॅचचा. ते चार दिवस तो जेवला नाही. तेव्हापासून आपल्या बोर्डाच्या परीक्षेला कोणी नावं ठेवली की मला राहवत नाही. पेपरवर नाव नसतं, नंबर असतो. तुमची शाळा कुठली, गल्ली कुठली, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसतं.

मिसिसागाची_सून

कॅनडात प्रांतागणिक वेगळं. आल्बर्टात बारावीला प्रांताची परीक्षा, ३० टक्के. आमच्या ओंटारिओत तीही नाही, सगळे गुण शाळेतल्या शिक्षकांचे. विद्यापीठ बारावीचे उत्तम सहा विषय बघतं. सह्यकडा म्हणतात ते मला पटतं, कारण इथे कुठली शाळा सढळ हाताने गुण देते यावर पालकांच्या चर्चा चालतात. पण माझ्या घाबरट लेकीसाठी ही पद्धत बरी पडली. एका दिवसाच्या पेपरवर तिचं काही खरं नव्हतं.

कऱ्हाडचा_अमोल

थोडं विषयांतर, माफ करा. मी आता मँचेस्टरला एम.एस्सी. करतोय. पहिल्या असाइनमेंटला ६८ मिळाले. गावाकडे कायम डिस्टिंक्शन, त्यामुळे मी खोलीत जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी शेजारचा इंग्लिश मुलगा ६२ मिळाले म्हणून सगळ्यांना कॉफी पाजत होता. हे काय गणित आहे?

टिकोजीराव

अमोल, ६८ उत्तम आहेत रे. पदवीला ७० च्या वर फर्स्ट, ६० च्या वर टू-वन, ५० च्या वर टू-टू, ४० च्या वर थर्ड. मास्टर्सला ७० ला डिस्टिंक्शन, ६० ला मेरिट. ८० च्या वर क्वचित कोणाला देतात. टू-टूला इथली मुलं "डेझमंड" म्हणतात, आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्यावरून. तू डिस्टिंक्शनच्या दोन गुण अलीकडे आहेस. असाइनमेंटवर शिक्षकाने काय शेरे लिहिलेत ते नीट वाच, दोन गुण तिथेच सापडतील.

कऱ्हाडचा_अमोल

वाचले. "तुझं स्वतःचं मत कुठे आहे?" असं तीन ठिकाणी लिहिलंय. काका, खूप बरं वाटलं. आईलाही हेच समजावून सांगतो.

जुना_मास्तर

पदव्यांचं निघालंच आहे तर. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे पदवीच्या परीक्षेत, पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. १९०९ पर्यंत ती यादी क्रमवार जाहीर होई. १८९९ ला आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या यादीत संयुक्त पहिले आले, सीनियर रँग्लर. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा. परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. महाराष्ट्राने तो किताब त्यांच्या नावालाच जोडून टाकला.

आणि आमच्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ ला ऑक्सफर्डची बीसीएलची, म्हणजे कायद्याची, परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवी देतच नव्हतं. केंब्रिजने तर १९४८ उजाडू दिलं. पेपर तोच, तपासणी तीच, आणि कागद मात्र नाही. हे वाचलं की आजही माझ्या घशात काहीतरी अडकतं.

शेवंती

मी शाळेत चित्रकला शिकवते, लंडनजवळ. वैदेहीताई, तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. ए-लेव्हलची चित्रकला घरी फावल्या वेळात करायची गोष्ट नाही. ६० टक्के गुण दोन वर्षांच्या कामाचे, ४० टक्के मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाचे, आणि त्याचा शेवट म्हणजे देखरेखीखाली १५ तास. वही भरावी लागते, प्रत्येक निर्णय का घेतला ते लिहावं लागतं. माझ्या मुली बाकी दोन विषयांना मिळून देतात तेवढा वेळ या एकाला देतात.

पण हेही सांगते. तिला आर्किटेक्चर किंवा डिझाइन करायचं असेल तर पोर्टफोलिओ लागेल, आणि तो ए-लेव्हल न घेताही करता येतो. कष्ट आहेत, पण येतो. तिला विचारा, चित्र काढल्याशिवाय राहवत नाही म्हणून हवंय, की इतिहास-गणितातून सुटका म्हणून हवंय? पहिलं असेल तर ती कुठेही काढेल.

सह्यकडा

व्यवहाराचं एक. होम फी लागू व्हायला कोर्स सुरू होताना कायमचा वास्तव्य परवाना हातात हवा आणि त्याआधीची तीन वर्षं इथे राहिलेलं असावं. नाहीतर परदेशी विद्यार्थ्याची फी आणि कर्ज नाही. विषय कुठलेही घेतले तरी हे आधी बघा.

वैदेही_लीड्स

परवाना गेल्याच महिन्यात आला. सगळ्यांचे मनापासून आभार. निळावंती आणि शेवंतीताईंचे प्रतिसाद मी मराठीतच घरात मोठ्याने वाचून दाखवले. लेकीला अर्धे शब्द अडले, तरी शेवटपर्यंत ऐकलं. ऑगस्टात निकालानंतर लिहीन.

वैदेही_लीड्स

ऑगस्टातला गुरुवार उलटला, म्हणून धागा वर काढतेय. निकाल चांगला लागला. इतिहासात ९, गणितात ८, चित्रकलेत ८, बाकी ७ आणि ६.

विषयांचं असं झालं. शेवंतीताईंचा प्रश्न मी तिला विचारला. ती दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली, "चित्र मी काढणारच आहे, कोणी मार्क देवो न देवो. पण पूल का उभे राहतात ते मला घरी बसून कळणार नाही." म्हणजे फिजिक्स तिनेच घेतलं. बाबांनी लगेच कौतुक केलं तेव्हा ती चिडली आणि तिने बजावलं की मी इंजिनिअर होणार असं गृहीत धरू नका, मला जुन्या इमारती वाचवायच्या आहेत. इमारतींचं जतन हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग नवीनच अडचण. तिच्या शाळेच्या वेळापत्रकात इतिहास आणि फिजिक्स एकाच रकान्यात, दोन्ही मिळत नाहीत. मला रडायला आलं, खरंच. इतकी चर्चा केली आणि वेळापत्रकाने निर्णय घ्यावा? शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात तिन्ही एकत्र मिळाले. दोन बस बदलून पन्नास मिनिटं. तिची काही तक्रार नाही, बसमध्ये स्केचबुक उघडते म्हणते.

रसायन आणि फ्रेंच सुटलं याचं मला अजून वाईट वाटतं. रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला बसायचं तिने कबूल केलंय.

निळावंती

वा! इतिहास, गणित, फिजिक्स. जुन्या वाड्यांच्या कामासाठी याहून चांगली जोडी सुचत नाही. तिला माझा आशीर्वाद.

जुना_मास्तर

तिला नाशिकला घेऊन या. सरकारवाडा दाखवतो.

वैदेही_लीड्स

नक्की, सर. दिवाळीच्या सुट्टीत तिकिटं बघते.

एक विचारायचं राहिलं, आसपास कोणाकडे ए-लेव्हल फिजिक्सची जुनी पुस्तकं आहेत का? नवीन संच बराच महाग आहे.

सह्यकडा

मंडळ कोणतं? एक्यूए की ओसीआर? पुस्तकं वेगळी असतात.

वैदेही_लीड्स

एक्यूए.

सह्यकडा

मग भावाची आहेत, दोन्ही वर्षांची, समासात पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली. मी ब्रॅडफर्डला असतो. शनिवारी सकाळी लीड्स मार्केटला येणारच आहे, घेऊन येतो.